फ्लशिंगमधला चिनी लोकांचा इंग्लिश क्लास: आपल्या आईबाबांना पाठवावं का?

आधीच सांगते, हा क्लास आपल्यासाठी काढलेलाच नाहीये. न्यू यॉर्कच्या क्वीन्समधल्या फ्लशिंगला मेन स्ट्रीटपासून चालत जाता येईल अशा एका कम्युनिटी सेंटरात शनिवारी सकाळी भरतो, शिकवणाऱ्या बाई तैवानच्या, येणारे बहुतेक साठीच्या पुढचे चिनी आजी-आजोबा, आणि हँडआउटवर डावीकडे इंग्लिश, उजवीकडे चिनी. आमच्या सासूबाई सध्या इकडे आल्यात, खालच्या मजल्यावरच्या चिनी आजींशी त्यांचं हातवाऱ्यांवर छान जमलंय, त्या आजीच त्यांना घेऊन गेल्या आणि सोबत म्हणून मीही मागच्या बाकावर बसायला लागले. क्वीन्स पब्लिक लायब्ररीचे इंग्लिशचे वर्ग पण फुकट असतात, पण तिथे सगळ्या देशांची माणसं एकत्र, त्यामुळे कोणाला कुठे अडतंय हे बघत बसायला शिकवणाऱ्याला वेळ नसतो. इथे बाईंना आधीच माहीत असतं गाडी कुठे अडणार ते.

व्याकरणाचं पुस्तक नाही. दर वेळी रोजचा एक विषय, बाजार, दवाखाना, ट्रेन, घरभाडं, आणि वाचायला धडा नसतो तर खरा कागद असतो. बाजाराच्या दिवशी सुपरमार्केटचं आठवड्याचं सेलचं पत्रक दिलं. आता चिनीत गाय म्हणजे न्यू आणि मांस म्हणजे रोउ, जोडलं की झालं न्यूरोउ, डुकराचं जूरोउ, म्हणजे प्राणी माहीत असला की मांसाचं नाव फुकटात मिळतं. इंग्लिशमध्ये काऊ पाठ केली तरी बीफ वेगळं पाठ करा, पिग पाठ केला तरी पोर्क वेगळं. बाईंनी असे शब्द पत्रकावर शोधून गोल करायला लावले आणि मग पाउंडाचा भाव वाचायला लावला. आमच्या सासूबाई माळकरी, त्यांनी तो तास चेहरा कोरा ठेवून काढला, पण खरं बघाल तर त्या तासाची गरज वर्गात सगळ्यात जास्त त्यांनाच होती, कारण आता दुकानात पाकीट उलटं करून लार्ड (डुकराची चरबी) आणि जिलेटिन (प्राण्यांच्या हाडाकातड्यातलं) आहे का ते त्या स्वतः बघतात, मला हाक मारत नाहीत.

त्याच पत्रकात बॉक चॉय होतं आणि अर्ध्या वर्गाला ते वाचता येईना, चिनी भाजी असून! कारण तो उच्चार कँटनीज, म्हणजे दक्षिणेकडच्या चिनी बोलीतला, मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, ती बायत्साय. उत्तरेतल्या शानडोंगकडच्या माणसाला रोमन अक्षरातलं बॉक चॉय म्हणजे परकंच की.

सगळ्यात आवडला तो ट्रेनचा तास. वीकेंडला सबवेचं काम निघालं की स्टेशनवर नोटीस लागते ना, नो, पुढे जांभळ्या गोलात ७, पुढे ट्रेन्स. एका काकांनी ते 'नंबर ७ ट्रेन' असं वाचलं आणि वर म्हणे बघा सोपं आहे, गाडी चालू आहे. वर्ग हसला पण बाई हसल्या नाहीत, त्यांनी नोटीस शेवटपर्यंत वाचून घेतली, शटल बस कुठून कुठे, बिटवीन म्हणजे काय, आणि मग सगळ्यांना विचारलं की आत्ता तुम्हाला मॅनहॅटनला जायचंय, काय कराल. याला म्हणतात वाचायला शिकवणं.

दवाखान्याच्या तासाला औषधाच्या बाटलीवरचं लेबल होतं, गोळी दिवसातून दोनदा, खाण्यासोबत, रिफिल, म्हणजे तेच औषध परत घ्यायच्या खेपा, किती उरल्यात. तारखेवर मात्र बराच गोंधळ झाला. चिनी लोक आधी वर्ष मग महिना मग दिवस लिहितात, अमेरिकन आधी महिना, आपण आधी दिवस, त्यामुळे ०४/०५ वर तिथे छोटं महायुद्ध पेटलं. त्यात महिन्यांची नावं वेगळी पाठ करायची, चिनीत नुसतं एक-महिना, दोन-महिना असं डिसेंबरपर्यंत चालतं, वारही तसेच, सोमवार म्हणजे आठवडा-एक. मोठ्या आकड्यांचं दुखणं मात्र आपल्यासारखंच, त्यांच्यात दहा हजारांना वान म्हणतात आणि सगळी मोजणी त्यात, म्हणजे मिलियन म्हटलं की ते शंभर वान करणार आणि आपण दहा लाख करणार. घरांच्या किमती वाचताना सासूबाई आणि खालच्या आजी दोघी बोटांवर मोजत होत्या. लिफ्टच्या बाबतीत फक्त सासूबाई चुकल्या, अमेरिकेसारखं चीनमध्येही तळमजल्याला पहिला मजलाच म्हणतात, आपणच ग्राउंड फ्लोअरवाले.

आता तक्रारी. एक म्हणजे लेव्हल. कोणी आयुष्यात एबीसीडी गिरवली नाही, आणि शेजारी बसलेले निवृत्त इंजिनिअर, ज्यांना शब्द हजारो येतात पण तोंड उघडत नाही. चिनी लोक त्याला मुकं इंग्लिश म्हणतात, आपल्याकडे दहावी-बारावीला मार्क पाडून आलेल्यांचं होतं तेच. त्यांना हा क्लास फार हळू वाटतो. बोलायला वेळ जवळजवळ मिळतच नाही, आणि बाई समजावताना मँडरिनमध्ये एवढ्या रमतात की मागे बसलेल्या कँटनीज आज्यांनाही झोप येते, आमचं तर सोडाच.

पण माझी मुख्य तक्रार त्या उजवीकडच्या चिनी रकान्याची. डोळा आपसूक तिकडेच जातो! खालच्या आजी अख्खं पान पाच मिनिटांत वाचून मोकळ्या होतात आणि इंग्लिशच्या बाजूला त्यांनी पाहिलेलंही नसतं, वर इंग्लिश शब्दांच्या डोक्यावर चिनी अक्षरांत उच्चार लिहून ठेवतात, थँक यू ला सान-खा-यो, आणि मग तसंच म्हणतात. सासूबाईंना चिनी येत नाही, त्यामुळे त्या बिचाऱ्या डाव्या बाजूशीच झुंजत बसतात, अडलं की चित्र बघतात, आजूबाजूचे शब्द बघतात, अंदाज करतात. त्यापण देवनागरीत उच्चार लिहितात म्हणा, पण निदान शेवटचं व्यंजन तरी शाबूत राहतं. परिणाम असा की ज्यांच्यासाठी क्लास आहे त्यांच्यापेक्षा पाहुण्या सासूबाई भरभर वाचायला लागल्यात. मी बाईंना सुचवलं की पान मधोमध दुमडून द्या, चिनी बाजू शेवटी उघडू दे. त्यांनी एकदा केलं, जाम नाराजी झाली, आज्यांनी पान परत उघडलं, विषय संपला. माझ्या मते ते दुमडलेलंच ठेवायला हवं होतं, पण ऐंशीच्या आजींना दटावणार कोण.

तर पाठवावं का? तुमच्या आईबाबांना इंग्लिश अक्षरं वाचता येत असतील आणि बाहेर एकट्याने फिरायची हौस असेल तर खुशाल पाठवा, फी नाही, झेरॉक्सचे चिल्लर पैसे फक्त, आणि चिनी न येणं ही तिथे चक्क सोय आहे. नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी हवी असेल तर मात्र हा क्लास नाही, तिथे इंग्लिश वाचनात तीनपैकी एक वाक्य नीट वाचायचं असतं, त्यासाठी वेगळे वर्ग मिळतात. गुडघे दुखत असतील तर लवकर पोचून भिंतीकडची खुर्ची पकडा, बाकीच्या घडीच्या आहेत आणि पाठ मोडतात. क्लास सुटल्यावर बोन स्ट्रीटवरच्या गणपतीच्या देवळात जाता येतं, खाली कँटीनमध्ये डोसा मिळतो, आम्ही खालच्या आजींनाही नेलं होतं, त्यांना चटणी फार तिखट लागली पण सांबार दोनदा घेतलं.