प्रायमरचे पैसे घेतले, प्रायमर लावलाच नाही

चिपळूणच्या आमच्या घराचं रंगकाम दिवाळीआधी एका ठेकेदाराला दिलं होतं. खिडक्यांचे ग्रिल, दारं, सासूबाईंचं सागवानी कपाट आणि दोन खोल्यांच्या भिंती. कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: घासकाम, लांबी (भेगा-खड्डे बुजवायची पुट्टी), एक हात प्रायमर (रंगाआधीचा पाया), दोन हात ऑइलपेंट. प्रायमरची रक्कम वेगळी मांडली होती, ती त्याने पुरती वसूल केली.

शिमग्याला घरात माणसांची ये-जा वाढली आणि कपाटाच्या दाराचा रंग कडेने सुटायला लागला. नखाने ओढला तर उन्हाने भाजलेल्या पाठीची साल निघावी तसा वीतभर पापुद्रा अखंड हातात आला. खाली जुनं पॉलिश जसंच्या तसं चकचकीत. पॉलिश पेपरचा एक ओरखडा नाही, प्रायमरचा थर नाही. पहिल्या पावसात ग्रिलच्या सांध्यांतून गंजाचे ओघळ उतरले. तिथे ब्लेडने खरवडलं तर रंगाखाली थेट गंजकं लोखंड. रेड ऑक्साइडचा, म्हणजे लोखंडाच्या प्रायमरचा, विटकरी थर कुठेच सापडला नाही. (भिंती अजून ठीक आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.)

फोन केला तर म्हणाला, "वहिनी, कोकणात दमटपणा फार, रंग टिकतच नाही." या उत्तराचा मला सगळ्यात जास्त राग आला. दमट हवा आहे म्हणूनच तर प्रायमर लागतो! गुळगुळीत पॉलिशवर ऑइलपेंटला धरायला काही नसतं. आधी घासून पृष्ठभाग खरबरीत करायचा आणि मग प्रायमर मारायचा. तो लाकडाच्या छिद्रांत शिरतो, वाळल्यावर चमकत नाही आणि वरच्या रंगाला पकड देतो. लोखंडावर तोच थर ओल आणि हवा अडवतो. गंज न काढता रंग चढवला तर आतून गंज वाढत राहतो आणि रंगाला फोड येतात.

दुरुस्तीला दुसरे पेंटर आले, त्यांनी सगळा प्रकार उलगडून सांगितला. उरलेला पांढरा ऑइलपेंट टर्पेंटाइन घालून पातळ करायचा आणि तोच पहिला हात म्हणून फिरवायचा. मालकाला दिसावेत म्हणून दुसऱ्या साइटवरचे प्रायमरचे रिकामे डबे पडवीत ठेवून द्यायचे. आमच्या पडवीतले डबे तेव्हाच मागच्या बाजूला टाकले होते, ते काढून पाहिले. आतली साय दगडासारखी घट्ट झालेली आणि उत्पादनाची तारीख आमच्या कामाच्या कितीतरी आधीची.

चोरी इथेच का होते, तर प्रायमर रंगाखाली झाकला जातो. म्हणून तो झाकला जायच्या आत बघा. सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला लावा. लाकडाचा ऑइल प्रायमर रात्रभर वाळावा लागतो आणि त्यावर पुन्हा बारीक पॉलिश पेपर मारावा लागतो. सकाळी घासलेल्या दारावर संध्याकाळी रंग चढला असेल तर मधलं काम झालेलंच नाही. हिशेबही करून बघा. १ लिटरमध्ये एक हात साधारण १०० चौरस फूट होतो. ७ बाय ३ फुटांचं दार दोन्ही बाजूंनी ४२ चौरस फूट, चौकट धरून ५० म्हणा. सहा दारांना ३ लिटर लागणार. अर्ध्या लिटरच्या डब्यात सगळी दारं झाली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सनमायका असेल तर साधा वुड प्रायमर त्यावर धरत नाही, त्यासाठीचा वेगळा प्रायमर बिलात लिहून घ्या. प्रायमर झाला की दिवसाउजेडी फोटो काढा आणि त्या टप्प्याचे पैसे त्यानंतरच द्या.

आमचं कोटेशन, पैसे दिल्याच्या नोंदी, पापुद्र्याचे आणि डब्यांचे फोटो जोडून ठेकेदाराला लेखी नोटीस दिली आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवली. त्याने दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. कामासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीचं शुल्क लागत नाही, त्यामुळे खर्चाच्या भीतीने गप्प बसू नका. तो माणूस याच भागात अजून कामं घेतोय. तुमच्याकडे सध्या रंगकाम चालू असेल तर रंगाचा पुढचा हात थांबवा आणि ब्लेडने एक कोपरा खरवडून बघा.