लाइव्ह ध्वनी-दृश्य कलेसाठी मॅक, विंडोज की लिनक्स?

मशीन निवडण्याआधी सॉफ्टवेअर ठरवा. व्हीडीएमएक्स या फक्त मॅकवर चालणाऱ्या लाइव्ह व्हिडिओच्या प्रोग्रॅमवर हात बसलेला असेल तर मॅकला पर्यायच नाही. टचडिझायनर हे त्याच क्षणी दृश्यं घडवणारं सॉफ्टवेअर विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं, पण एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असलेल्या त्याच्या सोयी मॅकवर मिळत नाहीत. मॅक्स (ध्वनी-दृश्यांचं प्रोग्रॅमिंग) आणि रेझोल्यूम (लाइव्ह व्हिडिओ) लिनक्सवर नाहीत. प्युअर डेटा आणि सुपरकोलायडर ही ध्वनी-प्रोग्रॅमिंगची साधनं तिन्हीकडे आहेत. निम्मा निर्णय इथेच होऊन जातो.

उरलेला निम्मा माझ्या मते आवाजाने ठरवावा. पडद्यावरची एखादी फ्रेम गळली तर बहुतेकांना कळतही नाही, पण स्पीकरमधून एक ‘टक्’ आला की सगळ्यांना ऐकू जातो. ४८,००० हर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, म्हणजे सॅम्पल) १२८ सॅम्पलचा बफर, म्हणजे एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा, जेमतेम २.७ मिलिसेकंदांचा. आवाजाचा पुढचा तुकडा तेवढ्यात तयार व्हायलाच हवा. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. चित्राचा भार वाढल्यावरही आवाजाचं काम वेळेत होतं का, हे पाहायचं.

याबाबतीत मॅक सर्वात कमी त्रास देतो. आवाज हाताळणारा कोअर ऑडिओ सिस्टीममध्येच आहे, दोन ऑडिओ इंटरफेस (माइक-स्पीकर संगणकाला जोडायची पेटी) जोडून एकच असल्यासारखे वापरता येतात आणि सायफन या सोयीमुळे एका प्रोग्रॅमचं चित्र थेट दुसऱ्यात जातं. उणीव ग्राफिक्सची. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मशीनमध्ये कार्ड बदलता येत नाही, आणि २०१८ पासून ओपनजीएल ही ग्राफिक्सची जुनी प्रणाली अ‍ॅपलने कालबाह्य ठरवल्यामुळे जुने पॅच (अशा सॉफ्टवेअरमध्ये आपण बनवलेल्या रचना) नव्या सिस्टीमवर कुरकुर करू शकतात.

अनेक प्रोजेक्टर, मोठं रिझोल्यूशन, रिअल-टाइम थ्रीडी असं काम असेल तर मी विंडोजचा डेस्कटॉप आणि दणकट कार्ड सुचवेन. सायफनच्या जागी इथे स्पाउट आहे. आवाजासाठी मात्र इंटरफेससोबत येणारा एएसआयओ (कमी उशिराने आवाज पोचवणारा) ड्रायव्हर चांगला हवा. तो असूनही टकटक थांबली नाही तर लेटन्सीमॉन हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवून पाहा; प्रोसेसर अडवून धरणारा ड्रायव्हर त्यात नावानिशी दिसतो. पुष्कळदा तो वाय-फायचा निघतो. प्रयोगापुरतं वाय-फाय बंद केलं की आवाज सुरळीत होतो.

महिनोन्‌महिने कुणी हात न लावता चालायच्या मांडणीसाठी लिनक्सच. मशीन सुरू होताच थेट पॅच उघडेल अशी व्यवस्था करता येते आणि अपडेट कधी घ्यायचं ते आपल्या हातात राहतं. जॅक किंवा पाइपवायर या ध्वनी-प्रणालींमुळे कुठल्याही प्रोग्रॅमचा आवाज हवा तिकडे वळवता येतो. कर्नलने (सिस्टीमच्या गाभ्याने) काम ठरल्या वेळेत उरकावं यासाठीचा प्रीएम्प्ट-आरटी हा भाग २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीपासून मूळ कर्नलमध्येच आला. इंटरफेस तेवढा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा घ्या.

सिस्टीम कोणतीही असो, व्हिडिओ हॅप कोडेकमध्ये (व्हिडिओ साठवायची एक पद्धत) करून ठेवा. फायली फुगतात, त्यामुळे वेगवान एसएसडी लागते. पण उलगडण्याचं बरंचसं काम ग्राफिक्स कार्ड करतं आणि प्रोसेसर आवाजासाठी मोकळा राहतो.

विकत घेण्याआधी आपला सर्वात जड पॅच त्या मशीनवर दोन तास चालवा, सगळे पडदे जोडून. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच, कारण बॅटरीवर अनेक लॅपटॉप आपला वेग उतरवतात. १२८ च्या बफरला टक् आला तर २५६ करून पाहा. बफर वाढला की आवाज जरा उशिरा येतो; नुसत्या दृश्यांसाठी तो उशीर चालून जातो. मंचावर माइक किंवा वाद्य घेऊन कुणी वाजवणार असेल तर त्या कलाकाराला प्रत्यक्ष वाजवायला लावून मगच ठरवा.