मांजराचं झाड घ्यावं का? आठ महिने वापरून लिहितोय

मांजराचं झाड म्हणजे मांजरांना चढायला-बसायला केलेला खांब-फळ्यांचा स्टँड. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण हेच झाड, तोच फोटो, तीच राखाडी फर, चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकायला असतं. तुम्ही शोधायला बसलात की पहिलं जे दिसेल ते बहुतेक हेच. उंची १५० सेंमी, खाली ५० बाय ४० चा पाट, मधे एक खोपा, एक झोळी, दोन फळ्या आणि सगळ्यात वर वाटीसारखी गोल बैठक. आमच्याकडे दोघं आहेत, बोक्या साडेपाच किलोचा आणि ठमी जेमतेम तीनची, आणि दोघांचाही मुक्काम कपाटावर. कपाटावरच्या बॅगा खाली पडायच्या, एकदा फोटोफ्रेम फुटली, म्हणून हे घेतलं.

जोडायला तासभर लागला, सगळी भोकं जुळली, त्याबद्दल तक्रार नाही. जोडून झाल्यावर बोक्या सोफ्यावरून थेट वरच्या वाटीत गेला, मी मोबाईल काढतोय तोवर झाड डुलायला लागलं, गडी दोन सेकंद तसाच कान मागे पाडून बसला आणि जो खाली उडी मारून पळाला तो १९ दिवस तिकडे फिरकला नाही. खाऊ ठेवला, कॅटनिप (मांजरांना आवडणारा वासाचा पाला) चोळलं, काही नाही. ठमी तर नुसती खालून वास घेऊन निघून जायची. मी म्हटलं गेले पैसे.

चूक कुठे होती ते नंतर कळलं. मांजर वर जातं ते मजा म्हणून नाही. घरच्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर, हे जनावर उंदीर-पाखरं मारून खातं पण स्वतःही तेवढंच लहान, मोठ्या जनावरांच्या तोंडी सहज जाणारं. म्हणजे शिकार दिसायला पण उंची हवी आणि आपली शिकार होऊ नये म्हणून पण उंचीच हवी. घरात वाघ-बिबट्या नसला तरी बेल वाजते, पाहुणे येतात, व्हॅक्युम क्लीनर सुरू होतो, आणि बोक्या पहिल्या आवाजाला वर जाऊन मग वरून निवांत बघत बसतो की नक्की काय आलंय. त्यात गरम हवा वर जाते, म्हणून थंडीत छताखालची जागा उबदार पण असते. आता अशा जनावराला तुम्ही जी जागा सुरक्षित म्हणून देताय तीच पायाखाली हलत असेल तर ते कशाला जाईल? त्याला फरचा रंग बघायचा नसतो, पायाखाली काय जाणवतं तेवढंच कळतं.

आणि हलतं का, तर पाट हलका. लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड आहे, जाड दिसतो पण वजन नाही. दीड मीटर उंचीवरून साडेपाच किलोचं जनावर उडी मारतं तेव्हा आपल्या वजनाच्या कितीतरी पट जोरात मागे ढकलतं आणि तो सगळा जोर त्या एवढ्याशा पाटावर येतो. बॉक्समधे भिंतीला बांधायचा एक नायलॉनचा पट्टा येतो, तो मी आधी फालतू समजून ड्रॉवरमधे टाकला होता. तो लावाच. मी तर पुढे जाऊन पाटाखाली १८ मिमीचा ६० बाय ६० चा प्लाय स्क्रूने मारला, आणि वरच्या खांबाला एल-अँगल लावून भिंतीत गिट्टी घालून कसला. त्यानंतर हाताने जोरात ढकललं तरी हलत नाही.

दुसरी चूक जागेची. कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे ठेवलं होतं कारण आपल्याला तिथे दिसायला बरं दिसतं. तिथून मांजराला दिसतं काय, तर भिंत. खिडकीपाशी हलवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता वाटीत बोक्या, बाहेरच्या कबुतरांकडे बघत दात कटकट करतोय. आता दिवसातले पाच-सहा तास तिथेच.

पण खिडकीपाशी ठेवणार असाल तर आधी खिडकी बघा. मांजर पडलं तरी चार पायांवर पडतं, त्याला काही होत नाही, हे जे आपण ऐकत आलोय ते अर्धंच खरं आहे. हवेत वळून सरळ होण्याची युक्ती त्यांच्याकडे आहेच, पिल्लू सहा-सात आठवड्यांचं होईपर्यंत ती पक्की होते. पण १९८७ साली न्यूयॉर्कच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास छापला, त्यातली ९० टक्के जगली म्हणून सगळे खूश होतात, मात्र ती दवाखान्यात आणलेली मांजरं होती, जी जागच्या जागी गेली त्यांना कोण आणतंय. आणि जगलेल्यांमधेही छातीला मार, जबडा फुटणे, पाय मोडणे हे भरपूर होतं. डासांची फायबरची जाळी मांजराच्या नखांपुढे टिकत नाही, आम्ही आधी तारेची जाळी बसवली आणि मगच झाड तिथे नेलं.

आता दोन मांजरं असतील त्यांच्यासाठी महत्त्वाचं, कारण याबद्दल मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. या झाडाला वर जायचा आणि खाली यायचा रस्ता एकच आहे. एका दुपारी ठमी वाटीत आणि बोक्या मधल्या फळीवर, काही करत नव्हता, नुसता बसला होता, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. ठमी दोन तास वरून उतरली नाही. मला वाटलं झोपलीये, जवळ जाऊन बघतो तर डोळे टक्क उघडे. भांडण नाही, आवाज नाही, पण अडवणूकच ती. मग मी वाटीच्या शेजारी भिंतीवर ३० सेंमी रुंदीच्या दोन फळ्या मारल्या, कपाटापर्यंत जाणाऱ्या, वर रबरी मॅट चिकटवली म्हणजे पाय घसरत नाहीत. दुसरा रस्ता झाल्यावर हा प्रकार जवळजवळ थांबला. आता वेळा वाटून घेतल्यासारखं चालतं, सकाळी बोक्या वर, दुपारी ठमी.

उतरण्याचं पण बघा. मांजराच्या नखांचा बाक असा असतो की चढताना ती रुततात आणि डोकं खाली करून उतरायला गेलं की निसटतात. (दक्षिण अमेरिकेत मार्गे नावाचं रानमांजर आहे, त्याचे मागचे घोटे उलटे फिरतात म्हणून ते खारीसारखं उतरतं. आमच्या साहेबांना ती सोय नाही.) म्हणून वरून खाली यायला टप्पे हवेत, आणि इथे दोन फळ्यांमधे ४० सेंमी अंतर आहे. तरुण मांजराला काहीच नाही, पण आईकडची म्हातारी चौदा वर्षांची आहे, तिला इथे आणलं होतं तेव्हा पहिल्याच फळीपाशी पुढचे पाय वर टेकवून उभी राहिली आणि परत बसली. वय झालेल्या मांजरांचे सांधे बहुतेक वेळा दुखत असतात, ती सांगत नाहीत एवढंच. त्यांच्यासाठी हे घेऊ नका, बुटकं, पसरट, उतार असलेलं काहीतरी बघा.

बाकीचं पटापट. नखं घासायचा खांब ४५ सेंमीचा, अगदीच बुटका, बोक्याला उभं राहून पूर्ण अंग ताणायला ८०-९० तरी लागतं, त्यामुळे सोफ्याचा कोपरा अजून त्याचाच आहे. घायपाताची दोरी खांबाला स्टेपलरच्या पिनांनी मारलीये, तिसऱ्या महिन्यात दोन पिना बाहेर आल्या, मी सगळ्या उपटून गोंदाने चिकटवली. लोंबणारा चेंडू पहिल्याच दिवशी कापून टाका, त्याचं इलॅस्टिक मांजराने गिळलं तर प्रकरण ऑपरेशनपर्यंत जाऊ शकतं. फर काढून धुता येत नाही. झोळीत आजवर कोणी बसलेलं नाही.

आणि हो, झाड घेतल्यावर ओट्यावर चढायचं थांबेल असं वाटत असेल तर नाही. कपाट सुटलं, ओटा नाही, कारण ओट्यावर ती उंचीसाठी जातच नाहीत, वासासाठी जातात. ओरडून, पाणी उडवून फक्त आपण समोर नसताना चढायला शिकतात, हे आम्ही करून बघितलंय. शेवटी ओट्याजवळ एक उंच स्टूल ठेवलं, स्वयंपाक चालू असताना ठमी त्यावर बसून सगळं बघते, बसली की खाऊचा एक दाणा मिळतो, आणि रात्री ओटा पुसून झाकपाक करून झोपायचं. दहातले आठ दिवस जमतं.

पाचात तीन स्टार, त्यातला एक माझ्या प्लायचा. एकट्या तरुण मांजरासाठी, भिंतीला कसायची तयारी असेल तर घ्या, दोन असतील तर फळ्यांचा खर्च आधीच धरा. दर महिन्याला स्क्रू ढिले होतात, सोबत येणारी ॲलन की जपून ठेवा. माझी ठमीने फ्रिजखाली ढकललीये.