मेमटेस्ट८६ प्लस: फुकट, चोख, पण उत्तर अर्धंच

विंडोज नव्याने टाकताना मध्येच ‘फाइल करप्ट’ येतं, तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या पीसीवर सुरळीत चालतो. कधी मशीन चालू होतं, कधी निळ्या स्क्रीनवर ‘मेमरी मॅनेजमेंट’. अशी लक्षणं असली की हार्ड डिस्क बदलण्याआधी रॅम तपासा. इंटेलच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या काळातल्या जुन्या मशीनसाठी मेमटेस्ट८६ प्लस या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामइतकं कामाचं फुकट साधन नाही.

२०२२ची सहावी आवृत्ती नव्याने लिहिलेली. ती जुन्या बायोसवर (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) चालते आणि यूईएफआयवरही (बायोसची नवी पिढी). पासमार्क कंपनीच्या मेमटेस्ट८६च्या नव्या आवृत्त्यांना यूईएफआयच लागतं, शिवाय फुकटातली चार फेऱ्यांवर थांबते. नावं जुळ्या भावांसारखी, तेव्हा डाउनलोड करताना ‘प्लस’ बघून घ्या.

डाउनलोड झालेली आयएसओ फाइल रूफस (बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणारा प्रोग्राम) वापरून पेनड्राइव्हवर टाका (आतला डेटा पुसला जातो), बूट मेनूसाठी बोर्डानुसार एफ१२, एफ११ किंवा एफ८ दाबा. चाचणी आपोआप सुरू होते. पहिली फेरी घाईत उरकलेली असते. रात्रभर चालू द्या. एक एरर आली तरी नापास. ‘दोनच तर आहेत’ हा हिशेब रॅमला लागू नाही.

पण दोष स्टिकचा (रॅमच्या पट्टीचा), स्लॉटचा (ती बसते त्या खाचेचा) की सेटिंगचा, हे मेमटेस्ट सांगत नाही. आधी बायोस डिफॉल्टवर आणा. मग पॉवर केबल काढून एकच स्टिक ठेवा, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, भुगा झाडा आणि क्लिप टक् होईपर्यंत दाबा. जुन्या मशीनचं दुखणं पुष्कळदा इथेच संपतं. नाहीच संपलं, तर एकेक स्टिक एकेका स्लॉटमध्ये तपासा. एक स्टिक सगळ्या स्लॉटमध्ये नापास म्हणजे स्टिक गेली. सगळ्या स्टिक एकाच स्लॉटमध्ये नापास म्हणजे बोर्ड. एकेकट्या पास आणि जोडीने नापास होत असतील, तर जोडीचं जमत नाही.

स्क्रीनच न येता नुसते बीप वाजत असतील तर मेमटेस्टचा उपयोग शून्य. तिथे स्टिकची हीच अदलाबदल आणि सीमॉस क्लिअर (बोर्डात साठवलेली बायोस सेटिंग पुसणं).

नवी घेताना डीडीआर२ (१.८ व्होल्ट) की डीडीआर३ (१.५ व्होल्ट) ते बघा, खाच वेगळ्या जागी असते, जोर लावू नका. सर्व्हरची स्वस्त ‘रजिस्टर्ड’ रॅम साध्या डेस्कटॉपवर चालत नाही. लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असेल तर लिनक्सवाल्यांना एक पळवाट: मेमटेस्टमध्ये एफ१ दाबून बॅडरॅम पॅटर्न (रॅममधल्या खराब जागांचे पत्ते) घ्यायचे आणि ग्रबला (लिनक्स सुरू करणारा बूटलोडर) द्यायचे. खराब पत्ते वगळून मशीन चालतं. विंडोजवाल्यांनी मात्र बोर्ड दुरुस्त करणारा गाठावा.