पिरॅमिड छापायचाय: लूपमध्ये लूप की फंक्शन?

प्रोग्रॅम लिहून पडद्यावर पाच ओळींचा ताऱ्यांचा (*) पिरॅमिड छापायला दोन वाटा आहेत. एक, लूपमध्ये लूप (लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी आज्ञा): बाहेरचा ओळी मोजतो, आत एक लूप रिकाम्या जागा सोडतो, दुसरा तारे छापतो. दुसरी, ‘इतक्या जागा, इतके तारे’ एवढंच जाणणारं फंक्शन, म्हणजे नाव दिलेला आणि हवा तेव्हा वापरता येणारा प्रोग्रॅमचा तुकडा, लिहून ते ओळीगणिक बोलवायचं.

लूप अजून अंगवळणी पडले नसतील तर पहिलीच वाट धरा. तिथे गणित टाळता येत नाही. पहिल्या ओळीत ४ जागा, १ तारा. दुसरीत ३ आणि ३. पाचवीत ० आणि ९. वहीत मांडलं की सूत्र दिसतं: जागा म्हणजे ५ वजा ओळीचा क्रमांक, तारे म्हणजे क्रमांकाची दुप्पट वजा १. एकूण तारे २५ भरले नाहीत तर हिशोब कुठेतरी चुकलाय. नवी ओळ सुरू करायची आज्ञा चुकून ताऱ्यांच्या लूपमध्ये गेली, तर तारे एकाखाली एक पडत जातात. ही चूक एकदा व्हायलाच हवी, असं माझं मत.

पण हिरा छापायला घेतला की ही वाट जड होते. वरचा पिरॅमिड आणि खाली उलट्या ४ ओळी, म्हणजे सरळ लिहिलं तर सहा लूप, त्यातले निम्मे दुसऱ्यांची नक्कल. फंक्शन असेल तर दोन लूप पुरतात, आणि ताऱ्याऐवजी दुसरं चिन्ह हवं असेल तर बदल एकाच जागी. पायथॉन भाषेत चिन्हाला थेट संख्येने गुणता येतं, त्यामुळे आतले लूप उरतच नाहीत. सी भाषेत ती सोय नाही. तिथे लूप फक्त फंक्शनच्या आत जाऊन बसतात.

फंक्शनने ओळ स्वतः छापावी की न छापता, तयार करून बोलवणाऱ्याला परत द्यावी? परत द्यावी. दोन पिरॅमिड शेजारी-शेजारी हवे असतील तर ओळ छापून मोकळं होणारं फंक्शन कामाचं नाही. परत आलेल्या दोन ओळी मात्र जोडता येतात. फक्त पहिलीच्या उजवीकडेही तेवढ्याच जागा भरा, नाहीतर दुसरा पिरॅमिड वाकडा होतो.

पोकळ चौकोनाला हे दोन आकड्यांचं फंक्शन अपुरं पडतं. तिथे लूपमध्ये लूप आणि एक अट: पहिली किंवा शेवटची ओळ, पहिला किंवा शेवटचा रकाना असेल तर तारा, नाहीतर जागा.