डिपस्टिक असेल तरच जुनी ऑटोमॅटिक घ्या: अकरा महिने वापरल्यानंतर

गाडी घेतली तेव्हा ती १६ वर्षांची होती आणि १,३२,००० किलोमीटर पळालेली. पेट्रोल इंजिन, टॉर्क कन्व्हर्टरवाला (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारा) चार गिअरचा ऑटोमॅटिक. बाकीचं सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे बूट, एसी, मायलेज यांवर वेळ घालवत नाही. बूट मोठा, एसी गार, पेट्रोल पिते. मला लिहायचंय ते गिअरबॉक्सबद्दल, आणि त्यातही एका दांडीबद्दल: ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक.

दुसऱ्या महिन्यात, भर उकाड्यात, सिग्नल सुटला आणि गाडी सुटेना. रेस दिली तर इंजिन कण्हलं आणि गाडी गुडघाभर पाण्यातून चालल्यासारखी सरकली. मागे हॉर्नचा कल्लोळ. मीटरमधला ‘ओव्हरड्राइव्ह ऑफ’चा (सगळ्यात वरचा गिअर बंद ठेवणाऱ्या बटणाचा) दिवा लुकलुकत होता, मी तर बटणाला हातही लावला नव्हता. चाळीसच्या पुढे गेल्यावर जरा बरं वाटलं, पुढच्या सिग्नलला परत तेच रडगाणं. शेवटी कडेला घेऊन बंद केली. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली तर गाडी अशी निघाली, जणू काही झालंच नव्हतं. ही शेवटची गोष्ट तेव्हाच माझ्या डोक्यात बसायला हवी होती. बसली नाही, म्हणून पुढचे सहा महिने गेले.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या सल्लागाराने स्कॅनर लावला आणि पाच मिनिटांत निकाल दिला. “मॅडम, गिअरबॉक्स गेलाय. आख्खी असेम्ब्ली बदलावी लागेल.” आकडा ऐकल्यावर मी विचारलं, यात गाडीपण धरली आहे का? तेवढ्यात मला अशीच दुसरी गाडी मिळाली असती, वर चार नवे टायर टाकून. त्यावर तो म्हणतो, “साहेबांना फोन द्या ना जरा, मी समजावतो त्यांना.” आमच्या साहेबांना गाडीतलं एवढंच कळतं की आपण डावीकडच्या सीटवर बसायचं. फोन दिला नाही. तपासणीचे पैसे मात्र त्यांनी घेतलेच, जॉब कार्डावर ‘ट्रान्समिशन चेक्ड’ असं लिहून.

घरी आल्यावर चिडून बॉनेट उघडलं. इंजिन ऑइलची डिपस्टिक समोरच असते. गिअरबॉक्सची खाली, बॅटरीच्या ट्रेमागे, मनगट खरचटल्याशिवाय हाताला लागत नाही. तिच्या कडीवर धुळीचा मऊ थर होता आणि कडीच्या भोकात एक वाळकं पान आरपार अडकलेलं. पान अख्खं होतं. म्हणजे चेक करणाऱ्यांनी ती कडी साधी ओढलीसुद्धा नव्हती! त्या पानाचा फोटो काढून ठेवलाय. अजून आहे माझ्याकडे.

आता ही दांडी बघायची कशी, ते नीट लिहिते, कारण इंजिन ऑइलसारखी बघितली तर ती फसवते. गाडी वीसेक मिनिटं चालवून गिअरबॉक्स गरम करायचा. सपाट जागी उभी करायची, हँडब्रेक, पाय ब्रेकवर. इंजिन चालूच ठेवून लिव्हर पी (पार्किंग) पासून खालपर्यंत प्रत्येक घरात दोन-तीन सेकंद थांबवत न्यायचा आणि परत पी मध्ये आणायचा. मग इंजिन चालू असतानाच दांडी काढायची, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसायची, पूर्ण आत घालायची, परत काढायची आणि ‘हॉट’च्या दोन खुणांमध्ये पातळी बघायची. इंजिन बंद असलं की वरचं ऑइल खाली उतरतं आणि पातळी खोटीच जास्त दिसते. अर्थात हे सगळ्या गाड्यांना लागू नाही. जुन्या होंडांमध्ये गाडी गरम करून इंजिन बंद करायचं आणि मिनिट-दीड मिनिटाच्या आत बघायचं असतं, काही गाड्यांमध्ये न्यूट्रलला. मॅन्युअल वाचा, मॅन्युअल फुकट असतं.

माझ्या गाडीत पातळी ‘हॉट’च्या खालच्या खुणेपेक्षा बोटभर खाली होती. रंग गंजाच्या पाण्यासारखा, नवं ऑइल लालचुटुक असतं. पण करपट वास नव्हता. मला धीर आला तो यामुळे, कारण गिअर धरणाऱ्या क्लचच्या चकत्या जळाल्या की दांडी काढताच नाकाला कळतं. दुधाळ गुलाबी रंग दिसला असता तर गोष्टच वेगळी: रेडिएटरमधला, गिअरबॉक्सचं ऑइल गार करणारा कूलर आतून फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलेलं असतं, मग गाडी चालवायचीच नाही. गळतीही सापडली. ड्राइव्ह शाफ्टचं ऑइल सील पाझरत होतं, तिथे धूळ चिकटून काळा चिखल झाला होता.

ऑइल बदलायचं म्हटल्यावर तिघांनी अडवलं. जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो म्हणे. हे भूत कुठून आलं ते आता मला कळतं. गिअर घसरायला लागल्यावर लोक शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदलतात. चकत्या तर आधीच संपलेल्या असतात, नंतर गाडी बंद पडते आणि आळ ऑइलवर येतो. मशीन लावून दाबाने फ्लश करायला मात्र मीही नाही म्हणाले. खालचा नट उघडून जेवढं पडेल तेवढंच काढलं. ३.२ लिटर पडलं, मोजून. गिअरबॉक्समध्ये एकूण मावतं ७ लिटर, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरच्या नळ्यांमध्ये बसून राहतं. म्हणजे एका बदलीत ४६ टक्केच नवं. दोन आठवडे चालवून दुसऱ्यांदा केलं की ७१ टक्के, तिसऱ्यांदा ८४. हा हिशोब मी वीजबिलाच्या मागे मांडला आणि तीनदा बदललं. दुसऱ्या वेळी सीलही बदलून घेतलं, पहिल्याच वेळी चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) उघडून फिल्टर आणि गॅस्केट. चेंबरच्या लोहचुंबकावर राखाडी मलम जमलं होतं, काजळासारखं मऊ. तेवढं चालतं, तो चकत्यांचा आणि लोखंडाचा रोजचा भुगा असतो. बोटाला टोचणारा कीस लागला असता तर मी गप्प विकून टाकली असती.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं डब्यावर लिहिलेलं मी घेतलं नाही, एवढी चिक्कू असूनही. या ऑइलला चकत्या धरूही द्यायच्या असतात आणि दणका न देता धरू द्यायच्या असतात, त्यासाठी घातलेलं मिश्रण ग्रेडप्रमाणे बदलतं. एके काळी यात स्पर्म व्हेलचं तेल घालायचे, १९७० च्या दशकात अमेरिकेत त्यावर बंदी आली. (हे वाचल्यापासून नरसाळ्यातून ऑइल ओतताना मला उगीचच देवमासा आठवतो.) आणि जास्त भरू नका. पातळी वर गेली की फिरणारे भाग ऑइल घुसळतात, फेस होतो, फेसाला दाब धरता येत नाही आणि गाडी पुन्हा घसरते.

निकाल जबरदस्त. सकाळी पहिल्यांदा डी (ड्राइव्ह) टाकल्यावर गाडी तीन सेकंद विचार करायची, आता लगेच धरते. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना बसणारा धक्का गेला. दिवा लुकलुकला नाही. महिनोन्महिने नाही. दोन लिटर ऑइलच्या डब्याकडे बघून मी एकटीच हसायचे. पाच तारे.

इथपर्यंतचं सगळं मी सहाव्या महिन्यात लिहून ठेवलं होतं. बरं झालं कुठे टाकलं नाही.

सातव्या महिन्यात उकाडा परत आला आणि दिवाही. तोच लुकलुकणारा, तसंच तिसऱ्या गिअरमध्ये अडकणं. दांडी बघितली: पातळी बरोबर, रंग लाल. मग इतके दिवस गाडी चांगली का चालली? कारण थंडीचे दिवस होते! हवामानाचं श्रेय मी ऑइलला देऊन बसले होते. डी टाकल्यावरचा उशीर गेला तो खरोखर ऑइलमुळे, ते मी आजही म्हणते. दिव्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

मग वही केली. किती वाजता, किती वेळ चालवल्यावर, बाहेर ऊन की सावली. आठ नोंदींत चित्र स्पष्ट झालं: दर वेळी पस्तीस-चाळीस मिनिटांनंतर, आणि दर वेळी बंद करून थांबल्यावर ठीक. जळालेली चकती दहा मिनिटं सावलीत उभी राहून बरी होत नाही. हे वायरिंगचं दुखणं होतं.

गाठला एक ऑटो इलेक्ट्रिशियन. पहिल्यांदा त्याने हाकलूनच दिलं. “ताई, चांगली चालणारी गाडी आणून काय दाखवताय? बिघडलेली असताना आणा. बंद न करता आणा.” चार दिवसांनी तशीच, तिसऱ्यात कण्हत, त्याच्या दारात नेऊन उभी केली. (लिंप मोडमध्ये, म्हणजे गिअरबॉक्स बचावासाठी एकाच गिअरवर अडकून राहतो तेव्हा, गाडी स्वतःच्या पायांनी जाते. ओढून न्यायचीच वेळ आली तर चालवणारी चाकं उचलून न्या. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा पंप बंद, आत वंगण फिरत नाही.) त्याच्या स्कॅनरने दोन कोड दाखवले. पी०७०० आणि पी०७१५. पहिल्याचा अर्थ इतकाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी सांगायचंय. ते काय, हे त्या कॉम्प्युटरलाच विचारावं लागतं, आणि स्वस्तातले स्कॅनर फक्त इंजिनशी बोलतात. वर्कशॉपच्या कागदावर पी०७०० एवढंच होतं. त्यावर त्यांनी माझा गिअरबॉक्स बदलायला काढला होता.

पी०७१५ म्हणजे इनपुट स्पीड सेन्सर. कन्व्हर्टरमधून गिअरबॉक्समध्ये येणारा शाफ्ट किती वेगाने फिरतोय ते तो मोजतो. तो आकडा मिळेनासा झाला की गिअर घसरतोय की नीट धरलाय हे कॉम्प्युटरला कळत नाही. मग तो सोलेनॉइडची (गिअर बदलणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हची) वीज तोडतो आणि नुसत्या ऑइलच्या दाबावर जो गिअर उरतो तो राहतो, माझ्या गाडीत तिसरा. म्हणजे गिअरबॉक्स स्वतःला वाचवत होता. इलेक्ट्रिशियनने आधी कपलर (वायरींचा जोड) बघितला, त्यावर कार्बन नव्हता. मग इंजिन बंद करून लगेच सेन्सरच्या दोन पिनांना मल्टिमीटर लावला. ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं. चहूकडून पंखा लावून अर्धा तास थांबलो, परत लावला. ५२० ओहम, मॅन्युअलच्या हद्दीत. आतली तार गरम झाली की तुटायची आणि गार झाली की जुळायची. अंगठ्याएवढा सेन्सर, एक १० नंबरचा बोल्ट, एक रबरी रिंग. पंधरा मिनिटांचं काम, आणि त्यातली दहा बॅटरी काढण्याची. बॅटरी काढल्याने कॉम्प्युटरने गिअर टाकण्याबद्दल शिकलेलं सगळं पुसलं गेलं, म्हणून पुढचे दोन-तीन दिवस गिअर जरा आडदांडपणे पडले. मग शिकला.

त्याला चार महिने झाले. दिवा नाही.

जुना सेन्सर आणि पानाचा फोटो घेऊन त्या वर्कशॉपमध्ये जाऊन आले. मॅनेजर म्हणाले, “आम्ही पॉसिबिलिटी सांगितली होती.” तपासणीचे पैसे परत मागितले तर पुढच्या सर्व्हिसवर सूट देऊ म्हणाले. पुढची सर्व्हिस!

दोष उरलाय तो एक. साठ-पासष्टच्या वेगाला, पाय हलका असताना, गाडी रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते. तो कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच, वेग आल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा. खात्री करायची असेल तर थरथर चालू असताना मागे कोणी नाही हे बघून डाव्या पायाने ब्रेक नुसता टेकवा, दिवे लागण्यापुरता. ब्रेकचा स्विच लागला की लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर टायर-बॅलन्सिंगवर पैसे घालवू नका. त्याच्या दुरुस्तीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे मी सत्तरने जाते.

घेणाऱ्यांसाठी: विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. बॉनेटला हात लावून ती थंड आहे का बघा. सुरू करून न्यूट्रलवरून डी, मग न्यूट्रलवरून आर (रिव्हर्स). सेकंदाभरात धरायला हवी, दोनच्या वर गेली तर भाव पाडा किंवा घरी जा. धरताना ‘धड्’ झालं तर लगेच घाबरू नका, इंजिनचे माउंट (खालचे रबरी आधार) बसलेले असले तरी तो आवाज येतो. मग अर्धा-पाऊण तास चालवा. विकणारा कंटाळेल, कंटाळू दे. आणि दांडी.

दांडीवर परत येते, कारण दिराने नुकतीच घेतलेली गाडी बघून आले. सहा वर्षांची, सहा गिअरची, देखणी. बॉनेटखाली तासभर शोधलं, गिअरबॉक्सला डिपस्टिकच नाही. पातळी बघायची तर गाडी लिफ्टवर सपाट उचलायची, स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघत बसायचं आणि ते ठरलेल्या अंशांवर आलं की खालचा प्लग उघडून ऑइल पाझरतंय का ते बघायचं. एवढं कोण करणार? मॅन्युअलमध्ये लिहिलंय की ऑइल आयुष्यभराचं आहे. कोणाच्या आयुष्यभराचं, ते लिहिलेलं नाही. दीर म्हणाले, “वहिनी, कटकटच नको म्हणून काढली असेल ती.”

कालची नोंद: १,४३,२६० किलोमीटर. गरम, सपाट, इंजिन चालू. पातळी वरच्या खुणेला. लाल.