वरून जाणारा ट्रॅक: भराव, कमानी की गर्डर?

मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकारात, एका ट्रॅकवरून दुसरा ट्रॅक न्यायचा तर गाडीची उंची आणि पुलाची जाडी धरून साधारण ८ सेंमी वर चढावंच लागतं. हे ८ सेंमी कशावर उभे करायचे, हाच सगळा प्रश्न. सेटबरोबर मिळणारे प्लॅस्टिकचे खांब दहा मिनिटांत लागतात, पण मग अख्खा ट्रॅक मांडवासारखा बांबूंवर उभा दिसतो. खरी रेल्वे उगाच पूल बांधत नाही हो, मातीवर भागत असेल तर माती टाकते, नाला, रस्ता किंवा दरी आली की मगच पूल. त्यामुळे ते खांब ट्रायलपुरते ठीक, तुलनेत धरतच नाही.

आधी चढाचं बघा. भोर घाटात चढ ३७ ला १ आहे आणि तिथेसुद्धा मागून ढकलायला जादा (बँकर) इंजिनं लावतात. तोच चढ धरला तरी ८ सेंमीसाठी ३ मीटर लागतात, उतरायला आणखी ३, म्हणजे ८ बाय ४ फुटी प्लायवरचा अख्खा लूप त्यातच संपला. म्हणून मी वरचा ट्रॅक ४ सेंमी चढवतो आणि खालचा ४ सेंमी उतरवतो. चढ सुरू होतो आणि संपतो तिथे एकदम कोन नको, हळूहळू वळवा, नाहीतर डबे तिथेच सुटतात.

भराव दिसायला सगळ्यात खरा आणि स्वस्तही. थर्माकोलचे तुकडे, वरून प्लॅस्टरमध्ये बुडवलेलं बँडेजचं कापड, मग माती. अडचण एकच, जागा. बाजूचा उतार दीडास एक धरला तर ८ सेंमी उंचीला प्रत्येक बाजूला १२ सेंमी जातात, वरची ट्रॅकची ६ सेंमी रुंदी मिळवली की ३० सेंमी, म्हणजे ४ फुटी टेबलाचा पाव भाग! जागा नसेल तर एका बाजूला दगडी भिंत घाला, आणि मधे एखादी छोटी मोरी द्या, लगेच जीव येतो. मातीसाठी मी चहाचा चोथा वापरतो, पण कडकडीत वाळवूनच, एकदा घाई केली आणि पावसाळ्यात भरावावर बुरशी आली (रंग छान होता म्हणा).

कमानींचा दगडी पूल म्हणजे घाटाचा फील, पण मेहनत इथेच जास्त आहे. एक्सपीएस फोमवर (थर्माकोलसारखाच, पण घट्ट) बॉलपेनने दगड कोरायचे, काळा-करडा रंग मारायचा, मग पातळ पांढुरका रंग फासून पुसायचा म्हणजे तो दरजांमध्येच राहतो. स्प्रे पेंट थेट मारू नका, माझा पहिला खांब डोळ्यांदेखत विरघळला, आधी फेव्हिकॉलचा हात द्या. खडी पुलावरूनही सलग जाते आणि वळणावर कमानी छान वळतात, फक्त खांब आतल्या बाजूला जरा अरुंद ठेवायचे.

गर्डर, म्हणजे लोखंडी तुळयांचा पूल, कमी जागेत बसतो आणि एका दिवसात होतो, पण चुका इथेच जास्त दिसतात. गर्डर वाकवायचा नाही! तो सरळच असतो, वळण फक्त रुळांना, म्हणून छोटे छोटे गर्डर आणि जोडाखाली खांब. जुन्या पद्धतीच्या पुलावर खडी नसते, स्लीपर थेट गर्डरवर बसतात, रुळांच्या आत गार्डरेल, म्हणजे जादा संरक्षक रूळ, असतात आणि खडी टोकाच्या भिंतीपाशी थांबते. ही खडी थांबवली नाही तर बाकी कितीही रंगकाम करा, खेळणंच वाटतं.

उंच काँक्रीटचा पूल डोक्यात असेल तर रत्नागिरीजवळचा पानवल नदीचा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब आहे, आपल्या स्केलला पाऊण मीटर उंच आणि जवळपास ५ मीटर लांब, तेव्हा तो नाद सोडा.

जागा असेल तर मी डोळे झाकून भराव घेईन आणि मधे एकच पूल: सरळ ट्रॅक असेल तर गर्डर, वळण असेल तर कमानी. पण त्या पुलाखालचा प्लाय कापून जमीन ४-५ सेंमी खाली उतरवा. मी नाला आधी सपाट प्लायवरच रंगवला होता, तर बायको म्हणाली इथे पाणी सांडलंय का.